परवाच्या जॅझमध्ये गाणं मधेच गेलं कुठे?

रामबागवाली

नमस्कार मंडळी,

शनिवारी इथे इंदूरला, पलासियाला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर जॅझ होता. मुंबईचे चार वादक: पियानो, डबल बास, ड्रम आणि सॅक्सोफोन. चौघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे, जन्मभर स्टुडिओत वाजवलेले. सिनेमाची गाणी, जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, सगळं. ज्यांची नावं आपल्याला माहीत नसतात पण वाजवणं रोज कानावर पडतं, त्यांतले. सुरुवातीलाच पियानोवाले म्हणाले, आज काय वाजवायचं ते ठरलेलं नाही, बसल्या बसल्या ठरवू. मला वाटलं, अशी म्हणायची पद्धत असेल.

सोबत आमचे अण्णा, म्हणजे सासरे. तिकिटं मुलाने काढली होती आणि ऐन वेळी त्याला ऑफिसात थांबावं लागलं, म्हणून अण्णा आले. अण्णा इंदूरचे ख्यालगायक अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेल्या पिढीतले. इंदूरच्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या विलंबिताला (संथ लयीतल्या ख्यालाला) विलंबित म्हणू नये, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

पहिल्या तुकड्यात काही कळलं नाही. दुसरा तुकडा म्हणजे लताबाईंचं एक जुनं गाणं. सॅक्सोफोनवर मुखडा इतका सरळ आणि गोड आला की अण्णासुद्धा खुर्चीत पुढे झाले. आणि मग गाणं गेलं. गेलंच. सॅक्सोफोनवाले काय वाजवत होते देव जाणे, मग पियानो, मग बास, मग ड्रम. बऱ्याच वेळाने सॅक्सोफोनवाल्यांनी आपल्या डोक्यावर थोपटलं आणि चौघे एकदम त्याच मुखड्यावर. एकही जण मागेपुढे नाही. मला काटा आला, पण का आला ते कळलं नाही.

अण्णा मधेच कानाशी येऊन म्हणाले, "यांनी सा कुठे ठेवलाय?" मी काय सांगणार.

आणखी बारीकसारीक शंका आहेत. तुकडा सुरू करायच्या आधी पियानोवाल्यांनी बासवाल्यांना दोन बोटं खाली करून दाखवली, ते काय होतं? लोक मधेच टाळ्या का वाजवतात? आणि बासवाले एकटे वाजवायला लागले की बाकीचे हात का काढून घेतात? तेव्हा मागच्या टेबलावर गप्पा आणि फ्राइज जोरात सुरू झाल्या, अण्णांनी मागे वळून पाहिलंसुद्धा.

नेटवर शोधलं तर सगळे सांगतात, समजू नका, फील करा. फील मी करतेच आहे. मला समजायला हवंय.

गराडू_प्रेमी

मागचं टेबल आमचंच. काकांची ती नजर लक्षात आहे! पण भिया, बास ऐकूच येत नव्हता, त्यात आमचा काय दोष? नुसतं घूं घूं. सॅक्सोफोन मात्र लई भारी. जाणकारांनी धागा पुढे न्यावा, मी इथेच बसलोय.

सहावी_तार

ताई, मी शनिवारी तिथेच होतो, खांबाला टेकून. मुंबईत स्टुडिओत गिटार वाजवून संसार केला, आता लोकमान्य नगरात असतो. त्या चौघांतल्या दोघांच्या शेजारी बसून वाजवलंय, म्हणून जरा हक्काने लिहितो. लांबेल.

"ठरलेलं नाही" हे खरं होतं. पण तीन गोष्टी ठरतात, आणि त्या तुमच्या डोळ्यांदेखत ठरल्या. कोणती धून, कोणत्या सुरात, आणि किती लांबीचा साचा. दोन बोटं खाली म्हणजे बी फ्लॅट, आपली काळी पाच. बोटं खाली दाखवली की पट्टीतले फ्लॅट (उतरवलेले सूर) मोजायचे, वर दाखवली की शार्प (चढवलेले). एक बोट वर म्हणजे जी, पांढरी पाच. गोंगाटात बोलावं लागू नये म्हणून ही खूण. काळी पाचच का, तर टेनर सॅक्सोफोनची जडणघडणच अशी असते की त्याने आपला सी वाजवला की बाहेर बी फ्लॅट येतो. त्याला तिथे हात मोकळा मिळतो. डोक्यावर थोपटणं म्हणजे हेडला या. हेड म्हणजे मूळ धून.

आता साचा. बहुतेक जुन्या जॅझ धुना बत्तीस बारच्या असतात, एका बारमध्ये चार मात्रा. आठ बारचा मुखडा, तोच मुखडा पुन्हा, मग आठ बार वेगळे, त्याला ब्रिज म्हणतात, मग परत मुखडा. त्या लताबाईंच्या गाण्याला यांनी याच साच्यात बसवलं. मधलं म्युझिक काढून टाकलं, मुखडा दोनदा, अंतऱ्याची एक ओळ, मुखडा. बत्तीस गुणिले चार, एकशे अठ्ठावीस मात्रा. अण्णांना सांगा, तीनतालाची आठ आवर्तनं. मुखड्याला दोन, मुखड्याला दोन, ब्रिजला दोन, मुखड्याला दोन.

ही आठ आवर्तनं शेवटपर्यंत फिरत राहतात. धून थांबते, साचा थांबत नाही. सॅक्सोफोन सोलो घेतो तेव्हा त्या धुनीखालचे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, त्याच जागी, त्याच क्रमाने येत असतात, आणि तो त्यांवर नवीन धून रचत असतो. एका फेरीला कोरस म्हणतात. कुणी दोन कोरस घेतो, कुणी पाच. फेरी संपते ती जागा, आपल्या समेसारखी, सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी असते. म्हणून बऱ्याच वेळाने चौघे एकदम मुखड्यावर आले. ते कुठे गेलेच नव्हते. तुम्हाला काटा आला तो बरोबर जागी आला.

टाळ्या त्यासाठीच. एकाचा सोलो संपला, दुसऱ्याने उचलला, त्या सांध्यावर दाद. आपल्याकडे तानेनंतर समेवर "क्या बात है" येतं तसंच. फक्त इथे टाळीमुळे पुढच्याचे पहिले दोन बार बुडतात, आणि मला ती चाल कधीच आवडलेली नाही.

सा कुठे ठेवलाय, हा प्रश्न त्या हॉलमध्ये विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. अण्णांना पेटीवर बसवा. उजव्या हाताने वरचा सा धरून ठेवायला सांगा. डाव्याने आधी सा-ग-प दाबा. मग म-ध-सा. मग कोमल ध, सा, कोमल ग. वरचा सा हलला नाही, पण तिन्ही वेळा वेगळा ऐकू येईल. पहिल्यात तो पाया आहे, दुसऱ्यात त्या म चा पंचम झाला, तिसऱ्यात कोमल ध चा गंधार. आपल्याकडे तंबोरा सा ला एका जागी बसवतो आणि बाकीचे सूर त्याच्याकडे बघून अर्थ घेतात. इथे खालचा कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी बदलतो आणि प्रत्येक सुराचा अर्थ बदलत जातो. वाजवणाऱ्याला हे सगळं धावत धावत कळावं लागतं. कोणता सूर पुढच्या कॉर्डवर टोचेल, कोणता निवांत बसेल. त्यांचं रागज्ञान म्हणाल तर ते हेच.

मला खरं लिहायचंय ते पुढचं. लोकांना वाटतं की जो जन्मभर दुसऱ्याने लिहिलेलं वाजवतो तो मोकळं काय वाजवणार. उलट आहे. पूर्वी गाणं रेकॉर्ड होताना सगळा ताफा एकत्र बसायचा, गायकही तिथेच, आणि एका दमात टेक. चौथ्या मिनिटाला एका व्हायोलिनचा सूर घसरला की सगळं पहिल्यापासून. पन्नास माणसं मान वळवून तुमच्याकडे बघतात. ट्रॉम्बोनवाल्याला चाळीस बार विश्रांती लिहिलेली असते आणि मग दोन सूर. त्या चाळीस बारांत तो काय करतो? मोजतो. मनात, चेहऱ्यावर काही न दाखवता, बाकी सगळं ऐकत. माझी कितीतरी दुपार अशी गिटार मांडीवर ठेवून मोजण्यात गेली आहे. स्टुडिओने आम्हाला वाजवायला शिकवलं नाही, ते आम्ही शिकूनच गेलो होतो. स्टुडिओने गप्प बसून मोजायला शिकवलं.

शनिवारी सॅक्सोफोनच्या दुसऱ्या कोरसमध्ये ब्रिज आला तेव्हा पियानोवाल्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. आठ बार. थकले नव्हते. खालून कॉर्ड निघून गेले की सॅक्सोफोनला दोन्ही बाजूंनी जागा मिळते. आणि शेवटच्या मुखड्याच्या पहिल्या मात्रेला दोन्ही हात परत पट्टीवर. तरुण पोरं बोटांनी कितीही पळोत, हात उचलून धरणं त्यांना जड जातं.

हे नवीनही नाही. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवणारे फंक ब्रदर्स मूळचे जॅझवाले. दिवसा तळघरातल्या स्टुडिओत हिट गाणी, रात्री क्लबात आपलं. लॉस एंजेलिसमध्ये डॉन रँडी या स्टुडिओतल्या पियानोवादकाने १९७० साली बेक्ड पोटॅटो नावाचा क्लबच काढला, स्टुडिओतली मंडळी तिथे येऊन मोकळी होतात. आपल्याकडे क्रम उलटा. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक आधी होते, दारूबंदीने हॉटेलांची रया गेली, आणि ही मंडळी सिनेमात आली. चिक चॉकलेट हे त्यांतलं मोठं नाव, ट्रम्पेटवाले. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं. १९५१ च्या 'अलबेला'मधली गाणी अण्णांना पाठ असतील. त्यातला ट्रम्पेट ऐका म्हणावं. जॅझ अण्णांच्या कानात लहानपणापासून आहे, फक्त ओळख करून दिलेली नाही.

घरी ऐकायला एकच सांगतो. ट्रम्पेटवाले माइल्स डेव्हिस यांचं 'सो व्हॉट', न्यूयॉर्क, १९५९. सुरुवातीला पियानो आणि बास आलापासारखं काही करतात, ते मोजू नका. बासने धून धरली की मोजायला लागा. बत्तीस बार. मुखड्याचे सूर म्हणजे सरळ काफी थाट, पांढरी दोनचा. ब्रिजला तोच काफी उचलून काळी दोनवर. आठ बारांनी परत पांढरी दोन. बाकी कॉर्डची धावपळ काही नाही. एका कोरसला मिनिटभरापेक्षा थोडं कमी लागतं. आधी डेव्हिस यांचे दोन कोरस, मग सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनचे दोन, ॲडर्लींचे दोन, मग पियानोवर एव्हान्स यांचा एक. प्रत्येकाची उडी काळी दोनवर कशी जाते तेवढंच बघा.

ना_धिं_धिं_ना

दादा, प्रतिसाद आवडला, पण तबलेवाला म्हणून दोन गोष्टींवर हरकत आहे.

तीनताल धरायला सांगता आहात, त्यात गडबड आहे. आपण समेवर वजन टाकतो. त्यांची हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. अण्णा पहिल्या मात्रेवर थाप देतील आणि त्यांना सगळं उलटं चालल्यासारखं वाटेल. शनिवारी अर्धा हॉल पहिल्या-तिसऱ्यावर टाळ्या देत होता, ड्रमवाल्यांचा चेहरा पाहिलात का? शिवाय खाली कुठे आहे? तीनतालात नवव्या मात्रेला बायां उठतो, ऐकणाऱ्याला कळतं की निम्मं झालं. यांच्या बत्तीस बारांत असं काही नाही. आकडे जुळले म्हणून ताल जुळला असं होत नाही. फ्यूजनवाल्यांनी याच गणितावर बरीच वर्षं काढली आहेत, आणि कोल्ट्रेन यांनी मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं हा किस्सा तर प्रत्येक निवेदक सांगतो.

दुसरं. सगळे ड्रमला तबला समजतात. तसं नाहीये. ख्यालात ठेका धरून बसतो तो तबला, आणि गायक मोकळा. जॅझमध्ये ठेका बासवाला धरतो. दर मात्रेला एक सूर, चालत राहायचं, लय पण त्याच्याकडे आणि कॉर्डचा पाया पण. ड्रमवाला राइडवर (मोठ्या झांजेवर) लय सांभाळतो, पण डाव्या हाताने आणि पायाने सतत बोलत असतो. आमच्यात ठेक्यात इतकं बोललो तर गवई मैफलीनंतर काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणूनच ताई, बासवाले सोलोला गेले की बाकीचे हात काढतात. ठेकाच उठून गेला. तेव्हा लय कुणाच्याही हातात नसते, चौघांच्या डोक्यात असते. हाय-हॅट तेवढी चुक-चुक करत राहते. फ्राइज खायची ती वेळच नव्हे.

गराडू_प्रेमी

समजलं, समजलं. फ्राइजचा विषय बंद करा आता.

सहावी_तार

ना_धिं_धिं_ना, बासबद्दल एकदम सहमत, ते मी लिहायला हवं होतं त्यापेक्षा चांगलं लिहिलंत. खालीबद्दलही बरोबर. ब्रिज आला की निम्मं झालं एवढीच खूण, आणि ती सुरांतून कळते, बोलांतून नाही.

पण तीनताल मी सोडणार नाही. अण्णांना ताल शिकायचा नाहीये, जागा सापडायला हवी आहे. त्यांच्याकडे मोजायचं जे यंत्र आहे ते कुठल्याही जॅझच्या विद्यार्थ्यापेक्षा पक्कं आहे. जो माणूस खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमऱ्याच्या चौदा मात्रा न हरवता मोजत बसला, त्याला एकशे अठ्ठावीस मात्रा म्हणजे काय! थाप मांडीवर मनात द्यायची, टाळी दुसऱ्या-चौथ्यावर. थोड्या दिवसांत दोन्ही वेगळे होतात.

आणि एका जागी तर तीनताल चपखल बसतो. शनिवारी शेवटच्या तुकड्यात सॅक्सोफोन थोडं वाजवायचा, मग ड्रम एकटे थोडं, मग पियानो, मग पुन्हा ड्रम. आठवतंय? त्याला फोर्स म्हणतात. चार बार तू, चार बार मी. चार चोक सोळा, बरोबर एक आवर्तन. तुम्हीच सांगा, त्या ड्रमवाल्यांनी तिसऱ्या वेळी काय केलं?

ना_धिं_धिं_ना

तिहाई घेतली, एकच तुकडा तीनदा! आणि समेवर न येता एक मात्रा आधी सोडली. मी खुर्चीत ओरडलो. बायको म्हणाली हळू.

बरं, मोजण्यापुरता तीनताल मान्य.

सूरसागर_काठी

बडोद्याहून लिहितो. आमच्याकडे असल्या मैफली क्वचितच होतात, त्यामुळे आधी जळून घेतलं.

वाचून वाजवणं आणि न वाचता वाजवणं यावर एक शंका. आमच्या गावात हा वाद जुना आहे. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत विभागापर्यंत आली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी केली होती, मुलांनी पुस्तकातून गाणं शिकावं म्हणून. आणि याच दरबारात पुढे फैयाज खाँसाहेब, ज्यांचं गाणं कुठल्या कागदावर मावणार? तर सहावी_तार, तुमची मंडळी दिवसभर कागद वाचून वाजवतात. मग संध्याकाळी कागद नसताना ते बत्तीस बार राहतात कुठे? शेकडो धुना पाठ असतात का?

सहावी_तार

पाठ असतात, पण सूर म्हणून नाही. आकडे म्हणून. पट्टीतल्या पहिल्या सुरावर बांधलेला कॉर्ड एक, दुसऱ्यावरचा दोन, असं. दोन-पाच-एक ही चाल शेकडो धुनांत आहे. ती बाराही सुरांतून हाताला बसली की धून पाठ करायची म्हणजे कुठे कोणती चाल येते एवढंच लक्षात ठेवायचं. मग बोटं दोन खाली असोत की चार वर, आकडे तेच.

कागदही असतोच. सत्तरच्या दशकात बोस्टनला बर्कली या संगीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी धुना आणि कॉर्ड उतरवून 'रिअल बुक' नावाचं बाड तयार केलं, परवानगीशिवाय, झेरॉक्सवर. ते जगभर फिरलं. रीतसर छापील आवृत्ती निघायला २००४ साल उजाडलं. आमच्याकडे मुंबईत जे बाड होतं त्याची झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स झालेली, काही ठिकाणी फ्लॅटचं चिन्ह होतं की माशीचा डाग ते कळायचं नाही. ज्याच्याकडे ते बाड असायचं त्याचा भाव वेगळाच.

सिनेमाच्या कागदावर मात्र प्रत्येक सूर लिहिलेला. जॅझच्या कागदावर धून आणि वर कॉर्डची नावं, बस. बाकी तुमची जबाबदारी. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी सकाळी पहिला कागद आणि रात्री दुसरा असे दिवस काढले. मुंबईत १९७८ साली जॅझ यात्रा सुरू झाली, रंगभवनला, उघड्यावर. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स आले होते. पुढे कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंगने स्टुडिओतल्या खुर्च्या कमी केल्या. पन्नास माणसांचं काम एक माणूस एका खोलीत करायला लागला. आज साठीत असलेले वादक गावोगाव कॅफेत वाजवताना दिसतात त्याला हेही कारण आहे. मानधन विचारू नका, पण शनिवारी त्यांना बघून ते कुणाला ध्यानात आलं असतं असं नाही.

रामबागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी घरी प्रयोग झाला.

पेटीचं आधी केलं. अण्णांनी वरचा सा धरला, मी डाव्या हाताच्या पट्ट्या दाबल्या. तिसऱ्या कॉर्डला, कोमल ध वाल्याला, त्यांनी हात उचलला आणि म्हणाले, "परत." चार-पाच वेळा परत. मग स्वतःच भलते कॉर्ड शोधायला बसले, जेवण गार झालं.

नंतर 'सो व्हॉट'. पहिल्यांदा ब्रिज आला तेव्हा मला काही समजलं नाही, अण्णा मात्र बोट वर करून म्हणाले, "गेला. काळी दोन." डेव्हिस यांच्या दुसऱ्या कोरसपासून ते जागेच्या आधीच बोट वर करायला लागले. कोल्ट्रेन त्यांना आवडले नाहीत, फार बोलतात म्हणे. डेव्हिस आवडले. "हा माणूस सूर सोडून देतो," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ही मोठीच दाद आहे.

निकाल मात्र राखून ठेवला आहे. त्यांचं म्हणणं, "यांचा सा भाड्याच्या घरात राहतो, अकरा महिन्यांचा करार." दोन प्रश्न त्यांनी विचारायला सांगितले आहेत. एक, मेरुखंडासारखं काही यांच्यात आहे का? आणि दोन, यांना विलंबित येतं का, की सगळं असं चालत्या लयीतच?

सहावी_तार

अण्णांना नमस्कार सांगा. भाड्याच्या घराचं त्या बासवाल्यांना कळवतो, खूश होतील.

मेरुखंड आहे, नाव नाही. अण्णांना माहीतच आहे, चार सूर घेतले तर चोवीस क्रम होतात, सात घेतले तर पाच हजार चाळीस. खाँसाहेबांनी त्यातून आपली बढत, म्हणजे रागाचा विस्तार, काढली. जॅझवाले पट्टीतला पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा असे चार सूर घेतात आणि त्यांचे उलटसुलट क्रम बाराही सुरांतून घोटतात. रियाज जवळपास तोच. पुढे काय करायचं ते वेगळं. खाँसाहेब एकाच रागात खोल जायला ते वापरतात. जॅझवाल्याला दोन मात्रांत कॉर्ड बदलायच्या आत सुरक्षित पलीकडे पोचायला ते लागतात. अण्णांना कोल्ट्रेन फार बोलतात असं वाटलं ते याचमुळे. तो माणूस एका श्वासात सगळे क्रम सांगायला निघाला होता.

विलंबित आहे. बॅलड म्हणतात. शनिवारी मध्यंतरानंतरचा पहिला तुकडा आठवा, ड्रमवाल्यांनी काठ्या खाली ठेवून ब्रश घेतले होते. तारांचे पंखे. स्नेअरवर (पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर) डावा ब्रश गोल फिरत असतो, अखंड, आणि उजवा मधे मधे टेकतो. थापच नसते त्यात, नुसती सरसर. त्या संथ लयीत बत्तीस बार म्हणजे दोन मिनिटांहून जास्त, त्यामुळे एकजण मुखडे वाजवतो, ब्रिज दुसरा घेतो, एका फेरीत तुकडा संपवतात. झूमऱ्याइतकं संथ काही त्यांच्यात नाही, हे मान्य. अण्णांचा मुद्दा तिथे उभा राहतो आणि मी वाद घालणार नाही.

ना_धिं_धिं_ना

ब्रशचं ऐकायचं असेल तर ड्रमच्या तीन-चार हातांवर बसावं लागतं. स्पीकरमधून ते येत नाही.

गराडू_प्रेमी

पुढच्या महिन्यात परत आहे म्हणे, त्याच ठिकाणी. सहावी_तार, एवढं सांगा, बास ऐकू यायला बसायचं कुठे? यावेळी मी पैसे देऊन बास ऐकणार आहे.

सहावी_तार

भिंतीपासून सुटं. तुमचं टेबल अगदी कोपऱ्यात होतं, दोन भिंती जिथे मिळतात तिथे खालचे सूर साठतात आणि नुसती गुरगुर ऐकू येते, कुठला सूर ते कळत नाही. स्टेजसमोर, मध्यापासून जरा बासच्या अँपच्या बाजूला बसा. बासवाला बहुतेक ड्रमच्या हाय-हॅटच्या बाजूला उभा असतो. त्याच्या उजव्या हाताकडे बघा. तार ओढणारं बोट दिसायला लागलं की कान आपोआप तिकडे जातो. पहिल्या तुकड्यात दुसरं काही ऐकू नका, नुसता बास, साचा हरवला तरी चालेल.

ताई, अण्णांना पियानोवाल्यांच्या डाव्या हाताच्या बाजूची खुर्ची द्या. मी लवकर जाऊन धरून ठेवतो.